एक नाणं उरतं

ताम्पेरेत नोव्हेंबरमध्ये तीनलाच दिवे लागतात.
जुन्या कापडगिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर
आम्ही तिघं, मोजे वाळत घातलेला हीटर,
आणि कुणालाच खेळावासा न वाटणारा एक खेळ.

खेळ वेंडलाच्या डोक्यातला:
एक नदी, शंभर नाणी, एक हिवाळा.
जिंकणं-हरणं नाही.
शेवटी फक्त दिसतं, कोण उरलं.

पहिल्या आवृत्तीत एक दाढीवाला म्हातारा होता.
तो सांगायचा, कळवळ्याला हिशेबाची जोड हवी.
एकूण एक खेळाडूने त्याला मध्येच तोडला.
एकाने तर नदीत ढकलला.
(ती सोय उर्होने गुपचूप ठेवली होती.)
वेंडला म्हणाली, ठीक आहे, सांगायचं नाही.
नाणी त्यांच्या हातात देऊ, हात पोळू देत.

मी आवाज करतो. माझं काम एवढंच.
बर्फावरचं पाऊल म्हणजे बटाट्याचं पीठ भरलेला मोजा,
होडीची करकर म्हणजे आईच्या सौनाचं दार.
आणि करडू.
करडासाठी मी कांगासालाला
एल्वीच्या गोठ्यात दोन दिवस बसून होतो.
शेळीपासून बाजूला नेलं तेव्हा ते जे ओरडलं
ते जसंच्या तसं घेतलं.

नदीच्या अलीकडे, फुटल्या बर्फात अडकलेलं करडू:
काढायला नव्वद नाणी.
नकाशाच्या पार टोकाला तापाचं गाव:
तीन नाण्यांना औषधाची एक पुडी,
एका पुडीत एक मूल.

त्या गावाला मी आवाज दिलाच नव्हता.
उर्होने चित्रसुद्धा दिलं नव्हतं.
पडद्याबाहेरचं काही रंगवत बसायचं नाही,
यंत्र दमतं. सगळेच खेळ असे चालतात.
दृष्टीआड सृष्टी,
म्हण म्हणून नाही,
कोडमधली एक ओळ म्हणून.

साठ जणांनी खेळून पाहिला.
त्रेपन्न जणांनी करडू काढलं.
खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.
वेंडलाची कॉफी निवून गेली आकडे बघता बघता.
“तुझं करडू फार छान ओरडतं,” म्हणाली.
ते कौतुक नव्हतं.

मग सफाईला येणाऱ्या पिर्क्कोची नात आली, सायमी.
अकरा वर्षांची, पुढचा दात अर्धा.
आजीचं काम आटपेपर्यंत तिला कुठेतरी बसवायचं होतं.
करडू ओरडलं. ती दचकली. नाणी मोजली.
करडू पुन्हा ओरडलं.
तिने सरळ आवाज बंद केला.
माझा.

कानांवर हात ठेवणारे पुष्कळ पाहिलेत मी.
नीट दिसावं म्हणून ठेवणारी ही पहिलीच.
त्या शांततेत तिचे ओठ हलत होते,
तिनाचा पाढा, एका ठिकाणी चुकला, परत पहिल्यापासून.
नकाशा सरकवत सरकवत ती टोकाला गेली,
जिथे नुसत्या राखाडी चौकोनांवर नावं होती,
आणि तेहतीस पुड्या घेतल्या.

उर्हो टाळी वाजवणार,
तेवढ्यात वेंडलाने त्याचं मनगट धरलं.
कारण सायमीने आवाज परत चालू केला होता,
पार वरपर्यंत,
आणि खुर्चीत पाय वर घेऊन
ती ऐकत होती,
करडू थांबेपर्यंत.

मग विचारलं,
एक नाणं उरलंय, त्याचं काय होतं?

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो.
ते कुणी ठरवलंच नव्हतं.

पिर्क्कोने बादली पालथी घातली,
नातीच्या डोक्यावर टोपी ओढली, गेल्या.
खाली ट्राम वळल्याचा आवाज आला
(तो मी केलेला नव्हता).

रात्री मी एकटाच थांबलो.
करडाचा आवाज कमी करायला हात गेला होता.
केला नाही.
तापाच्या गावाची फाइल उघडली, कोरी,
आणि माइकसमोर बसून राहिलो,
ज्यांना कधी ऐकलंच नाही
ते कसे खोकत असतील
याचा अंदाज घेत.